गॅलरीतले दाजी

मॅच रंगात आली, की आमच्या आक्काच्या घरात कुणीतरी हमखास म्हणायचं, "दाजी, जरा गॅलरीत जा की." आणि दाजी जायचे. कुरकुर नाही, रुसवा नाही. ताटलीतले मूठभर शेंगदाणे खिशात टाकायचे, पायात चपला सरकवायचे आणि गॅलरीत जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहायचे. थोड्या वेळाने आत आरडाओरडा व्हायचा. मग दार किलकिलं करून ते विचारायचे, "पडली विकेट?" आम्ही सगळे एका सुरात ओरडायचो, "पडली! येऊ नका आत!" गारखेड्यातल्या त्या फ्लॅटच्या गॅलरीत उभं राहून, टीव्हीकडे पाठ करून, दाजींनी भारताचे कितीतरी विजय साजरे केले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी दाजी म्हणायचो, ते ऐकून हळूहळू बिल्डिंग, कारखान्यातले सोबती आणि कोपऱ्यावरचा पानवालासुद्धा त्यांना दाजीच म्हणू लागला. शहराबाहेर, शेंद्र्याच्या अलीकडच्या एका खेड्यात, मेंढरं राखणाऱ्या घरात त्यांचा जन्म. त्यांचे वडील दिवाळी झाली की कळप घेऊन घराबाहेर पडायचे. दाजींनी आयटीआय केलं आणि ज्या माळावर वडिलांची मेंढरं चरायची, तिथेच उभ्या राहिलेल्या कारखान्यात बॉयलरवर लागले. खेळ बघायचं वेड त्यांना कुठून लागलं कुणास ठाऊक. पण ज्या संघावर जीव लावावा, तो संघ हरायचा. क्रिकेट असो, हॉकी असो, गावच्या जत्रेतली कुस्ती असो. त्यांचा पैलवान चीतपट, त्यांचा गोलंदाज शेवटच्या षटकात बेजार.

उन्हाळ्यात वीस-वीस षटकांच्या सामन्यांची जत्रा सुरू झाली, की पानवाले सलीमभाई मुद्दाम त्यांना हाक मारायचे. "दाजी, इस साल कौनसी टीम? पहले बता दो भाई, हम दूसरी पकड़ लेते." दाजी प्रामाणिकपणे सांगायचे. तो संघ तळाला जायचा. एका वर्षी त्यांनी शक्कल लढवली आणि नावडत्या संघाचा टी-शर्ट घालून बसले. त्या वर्षी तो संघ जिंकला. "मनातून कुणाच्या बाजूनं हाय ते त्याला कळतंय," असं म्हणून त्यांनी बोटाने छताकडे दाखवलं.

मी गणिताचा मास्तर. मुकुंदवाडीहून दर रविवारी आक्काकडे जेवायला जायचो आणि जेवण झालं की दाजींना संभाव्यतेचा सिद्धांत शिकवायचो. एकदा खिशातून नाणं काढून उडवत बसलो. म्हटलं, "दाजी, तुम्ही बघा नाहीतर डोळे मिटा, याला काही फरक पडतो का? नाण्याला कळत नाही कोण बघतंय ते." दाजींनी नाणं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग म्हणाले, "पाव्हणं, नाण्याला नाय कळत. पण माणसाला कळतंय ना, की आपल्याला कोण बघतंय." मी नाणं खिशात टाकलं.

बिअर त्यांच्या आयुष्यात आली ती पुण्यात. त्यांची मुलगी वैशू कबड्डी खेळायची. तिला शिबिराला सोडायला आम्ही दोघे गेलो होतो. संध्याकाळ मोकळी होती, तेव्हा माझा एक जुना विद्यार्थी आम्हाला काचेपलीकडे तांब्याच्या मोठमोठ्या टाक्या दिसणाऱ्या एका ठिकाणी घेऊन गेला. बिअर तिथेच बनवायचे आणि तिथेच प्यायला द्यायचे. दाजींनी त्याआधी बिअर घेतली होती ती कारखान्यातल्या कुणाच्या तरी पार्टीत, ढाब्यामागे, नाक दाबून. इथे त्यांच्यापुढे गव्हाची गढूळ बिअर आली. त्यांनी ग्लास नाकाशी नेला, खाली ठेवला, पुन्हा नेला. वेटरला म्हणाले, "ह्यात केळं टाकलंय का?" तो म्हणाला, "नाही सर, तो यीस्टचा वास आहे." दाजींचा विश्वास बसेना. "म्हंजे गव्हाच्या पाण्यात बारका किडा राबतो आन वास येतो केळ्याचा?" मी आणि तो विद्यार्थी, आम्ही दोन-दोन ग्लास संपवले. दाजींनी तो एकच ग्लास शेवटपर्यंत पुरवला. उठताना टाक्यांजवळ जाऊन वाफेच्या नळ्या कुठून येतात आणि कुठे जातात ते बघून आले. बॉयलरचा माणूस. त्याच वेळी मला कळायला हवं होतं, की हे प्रकरण इथे थांबणार नाही.

महिन्याभरात आक्काचा फोन आला. "तुझ्या दाजीनं गच्चीवर ज्वारी वाळत घातलीय. मोड आणून! कबुतरं बसलीत सगळ्या बिल्डिंगची. तू नेलंस ना त्यांना पुण्याला, आता तूच ये." जाऊन बघतो तर दाजी डोक्याला उपरणं गुंडाळून कबुतरं हाकत होते. बार्लीबिर्ली आपल्या रानात पिकत नाही, मग आपली ज्वारी काय वाईट, असा त्यांचा हिशेब. मोड आणलेली ज्वारी त्यांनी वाळवली, तव्यावर परतली, गिरणीत भरडून आणली. कडूपणासाठी लागणारी हॉप्स नावाची फुलं आणि यीस्टची पुडी कुरियरने मागवली. घरी असलं काही करायला सरकारची परवानगी लागते का, हा प्रश्न मी विचारला. दाजी म्हणाले, "विचारायला गेलो तर लागंल."

खरी अडचण होती आपल्या उन्हाची. यीस्टला गारवा लागतो आणि गारखेड्यात एप्रिलमध्ये नळाचं पाणीसुद्धा चटका देतं. दाजींनी वडिलांची काळी घोंगडी ट्रंकेतून काढली, भिजवली आणि बिअर आंबायला ठेवलेल्या पिंपाभोवती गुंडाळून कूलरसमोर ठेवली. वडील रानात पाण्याची कळशी अशीच गार ठेवायचे म्हणे. नेमकी त्याच दिवशी त्यांची आई गावाहून आली. तिने स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि दारातच थबकली. "बाच्या घोंगडीत दारू गुंडाळून ठिवलीस व्हय रं?" आम्हाला वाटलं, आता पिंप जिन्यावरून खाली जातंय. म्हातारीने घोंगडी बाजूला केली, झाकण उघडलं, वास घेतला, बोट बुडवून चाखलं. मग तोंड वाकडं करून म्हणाली, "आंबील बिघडली तुझी." आणि पदराला बोट पुसत जेवायला बसली. दाजींनी तो शेरा फार मनावर घेतला. पुढच्या खेपेला तिच्याकडूनच आंबील आंबवायची रीत शिकून घेतली.

पहिली बिअर बिघडली. दुसरीला व्हिनेगरचा वास आला. तिसरी जमतेय असं वाटत असताना दाजींच्या हाताने घात केला. बाटल्या भरताना फेस यावा म्हणून प्रत्येकीत थोडासा गूळ टाकायचा असतो. आपल्याकडे पाहुण्याला गोड कमी पडलं तर घराची लाज जाते. दाजींना ते चिमूटभर माप बघवेना. त्यांनी प्रत्येक बाटलीत भरपूर गूळ घातला, बुचं घट्ट ठोकली आणि बाटल्या जिन्याखाली ठेवून दिल्या.

त्याच आठवड्यात एक मोठी फायनल होती. शेवटचं षटक आलं. दाजी अर्थातच गॅलरीत. आक्काच्या घरी केबलचा टीव्ही होता, पण खाली कट्ट्यावर बसलेली पोरं मोबाइलवर बघत होती, आणि मोबाइल टीव्हीच्या अर्धा मिनिट मागे असतो हे सगळ्यांना माहीत होतं. दाजींच्या घरून आवाज आला की पोरं समजायची, पुढे काय होणार ते. शेवटचे चेंडू उरले असताना जिन्याखाली धाड्‌ असा आवाज झाला. मग दुसरा. मग एकामागून एक सगळ्याच बाटल्या फुटल्या. पोरांना वाटलं, दाजींनी फटाके लावले, म्हणजे आपण जिंकलो! त्यांनी आपली माळ पेटवली, ढोल सुरू केला, एकाने दुसऱ्याला खांद्यावर घेतलं. आणि अर्ध्या मिनिटाने मोबाइलवर आपली शेवटची विकेट पडली. ढोल थांबला. जिन्याखालून गुळाचा फेस बाहेर ओघळत आला. त्या दिवसापासून गल्लीत दाजींचं 'पनवती' हे नाव पक्कं झालं. तेही हसले. सगळ्यांपेक्षा जास्त हसले. काचा मात्र एकटेच वेचत बसले.

नंतर बिअर जमू लागली. दाजी ती कमी प्यायचे, पाजायचे जास्त, आणि तीही एका विचित्र नियमाने. संघ जिंकला तर बाटली उघडायची नाही. हरला की उघडायची. एक बाटली, चार स्टीलचे पेले. मी विचारलं, हा काय उलटा न्याय? म्हणाले, "जिकल्यावर कुणीबी पाजतंय. हारलेल्याला कोण इचारतं?" प्रत्येक खेपेच्या बाटल्यांवर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावून तिला नाव द्यायचे. 'नो-बॉल', 'सुटलेला झेल', 'पावसानं घालवली'. मला 'सुटलेला झेल' फार आवडायची. जिभेवर आधी कडू लागायची आणि मग भाजक्या ज्वारीची चव मागे राहायची. शेजारचे कुलकर्णी, ज्यांनी आयुष्यात सरबताशिवाय काही घेतलं नव्हतं, तेही पराभवाच्या दिवशी सहज म्हणून डोकवायचे.

हे सगळं हसण्यावारी जात होतं, तोवर ठीक होतं. पण वैशू मोठी होत गेली. चांगली खेळायला लागली. उजव्या कोपऱ्यात उभी राहायची आणि चढाईला आलेल्या मुलीचा घोटा असा धरायची की ती जागेवर बसायची. तिचे सामने जिल्ह्यात, जिल्ह्याबाहेर व्हायचे. दाजी तिचे बूट आणायचे, गुडघ्याला तेल चोळायचे, पहाटे स्कूटरवर मैदानावर सोडायचे. आणि फाटकातून परत यायचे. एकही सामना त्यांनी बघितला नाही. ती लहान असताना एकदा बघितला होता, तेव्हा ती हरली होती. आम्ही ज्याला थट्टा समजत होतो ते त्यांच्यासाठी केव्हाच खरं होऊन बसलं होतं.

वैशूने सगळं करून बघितलं. रुसली, भांडली. "पप्पा, सगळ्यांचे बाप येतात. माझा बाप फाटकापाशी गाडी वळवतो." दाजी म्हणायचे, "तू जिकून ये. मी इथंच हाय." तिला एकच गोष्ट हवी होती. त्यांनी बसावं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तिने एक सामना जिंकावा. एकच. म्हणजे 'पनवती' हा शब्द घरातून कायमचा गेला असता. मला ती म्हणायची, "मामा, तुम्ही गणितवाले ना? समजवा त्यांना." मी पुन्हा नाणं काढायचो. दाजी हसून म्हणायचे, "खिशात ठिवा पाव्हणं, पडंल."

मग त्यांच्या पोटात दुखायला लागलं. आधी पित्त समजून काही दिवस काढले, मग तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाचा कर्करोग, आणि तोही पसरलेला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की फार काही हाती नाही. मी खोदून विचारलं, तेव्हा हेही सांगितलं की महिन्याकाठी पेलाभर बिअरने असं काही होत नाही. पण नातेवाइकांना ते कोण सांगणार? भेटायला येणारा प्रत्येकजण स्वयंपाकघरातल्या पिंपाकडे बघायचा आणि मान हलवायचा. "घरीच भट्टी लावल्यावर होणारच." मी भांडलो लोकांशी. उपयोग शून्य. आक्का चहा करत राहायची आणि ऐकत राहायची. दाजी मला म्हणाले, "कशाला डोकं फोडता? येवढ्या मॅची माझ्यामुळं हारल्या म्हणत्यात, त्यात ही एक."

त्याच काळात क्लबच्या स्पर्धेत वैशूचा संघ फायनलला पोचला. सामना गारखेड्यातल्याच संकुलात, घरापासून हाकेच्या अंतरावर. आदल्या दिवशी ती त्यांच्या पलंगाशी बसली. म्हणाली, "पप्पा, हारले तर हारले. पण तुम्ही या." दाजींनी भिंतीकडे कूस वळवली. त्यांच्याकडे पुढचा हंगाम नव्हता आणि ते दोघांनाही माहीत होतं. शेवटी म्हणाले, "येतो. पण बघणार नाय."

आणि तसंच केलं. मी त्यांना रिक्षाने नेलं. प्लॅस्टिकची खुर्ची मैदानाच्या कडेला मांडली. दाजींनी ती उचलायला लावली, उलटी करून घेतली आणि मैदानाकडे पाठ करून, संकुलाच्या पिवळ्या भिंतीकडे तोंड करून बसले. अंगावर शाल, हाडं दिसणारे खांदे. लोक बघत होते. मी शेजारी उकिडवा बसून हळू आवाजात सांगत होतो. "चढाई आली. बोनसचा गुण गेला. आपली एक बाद." ते फक्त हुं हुं करत होते. वैशूचा संघ मागे पडत गेला. सगळ्याच बाद होऊन एक लोण बसला. मध्यंतराला चांगलंच अंतर होतं.

शिट्टी वाजली तशी वैशू पाण्याकडे न जाता सरळ आमच्याकडे आली. गुडघे मातीने माखलेले, श्वास लागलेला. तिने खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि दाजींसकट खुर्ची मैदानाकडे वळवली. "बघा," म्हणाली आणि निघून गेली. दाजींनी डोळे मिटून घेतले. मी त्यांचा हात धरला. तो थंडगार होता. मध्यंतरानंतर पलीकडून पहिली चढाई आली, पोरींचा गलका झाला, आणि दाजींनी डोळे उघडले.

आयुष्यात इतकी सुंदर कबड्डी मी पाहिली नाही. वैशूने एकामागून एक घोटे धरले. गुण भरून निघत गेले. दाजी खुर्चीत पुढे सरकले होते. "धर! सोडू नको! धर!" एवढा आवाज त्या शरीरात कुठे शिल्लक होता? शेवटच्या मिनिटाला बरोबरी झाली. शेवटची चढाई समोरच्या संघाची. वैशूने घोटा धरला, पक्का धरला. ती मुलगी उताणी पडली, फरफटली, आणि तिच्या बोटाचं टोक मध्यरेषेला लागलं. पंचांनी हात वर करून गुण समोरच्यांना दिला. सामना गेला होता.

वैशू आली तेव्हा मी दुसरीकडे बघत होतो. दाजी म्हणाले, "घोटा लई भारी धरलास गं." मग थोडं थांबून, "म्हणून सांगत होतो." ती ओरडलीच, "पप्पा, तुम्ही बघायला लागल्यावर आम्ही जवळ आलो! तोवर हारतच होतो!" हे अगदी खरं होतं. मी साक्षीला होतो. मीही सांगितलं, गुण मोजून सांगितलं. दाजी "व्हय, व्हय" म्हणाले. लहान पोरांना म्हणतात ना, तसं.

घरी आल्यावर त्यांनी नियमाप्रमाणे बाटली मागितली. शेवटच्या खेपेतली, अजून नाव न दिलेली. त्यांना पिता येत नव्हतं. पेला नाकाशी धरून ते कितीतरी वेळ बसले. "ही जमली," म्हणाले. मग पेला माझ्याकडे दिला. मी प्यालो. खरंच जमली होती, पुण्याच्या त्या ग्लासपेक्षाही. काय सांगू त्यांना? सांगितलं तेवढंच, की जमली. पुढच्या पंधरवड्यात दाजी गेले. घोंगडी त्यांच्या आईने गावाकडे नेली.

पुढच्या हंगामात त्याच स्पर्धेची फायनल वैशूचा संघ पुन्हा खेळला. आक्का आली नाही. मी एकटा गेलो. संघ सुरुवातीपासून पुढे होता. वैशूने चूक म्हणून केली नाही. मोठ्या फरकाने जिंकल्या. पोरींनी तिला उचलून घेतलं. मागे बसलेल्या कुणीतरी कळवळून म्हटलं, "बापाचा आशीर्वाद हो, वरून बघतोय." दुसऱ्याने आवाज खाली करून काहीतरी म्हटलं, आणि दोघे हसले. ते काय बोलले असतील ते मला माहीत होतं. दाजींना ओळखणाऱ्या प्रत्येकाच्या मनात तेच आलं असणार, की पनवती गेली म्हणून जिंकल्या. एका सामन्यावरून काहीही सिद्ध होत नाही, हे मी वर्गात किती वर्षं शिकवतोय. उठून ते सगळ्या मैदानाला ओरडून सांगावंसं वाटलं. बसून राहिलो.

वैशू चषक घेऊन आली. आनंदाचा लवलेशही चेहऱ्यावर नव्हता. माझ्या शेजारी खाली मातीतच बसली आणि म्हणाली, "मामा, आज हारायला पाहिजे होतं. हारलो असतो, तर म्हणता आलं असतं की गेल्या वेळचं हरणं पप्पांमुळं नव्हतं."

तेवढ्यात पोरींनी फोटोसाठी तिच्या नावाने हाका मारायला सुरुवात केली. तिने टी-शर्टच्या बाहीने तोंड पुसलं आणि जाऊन त्यांच्या मधोमध उभी राहिली.